टिनातलं सूप की घरचं? आधी गाळणी बाजूला ठेवा

ताई, तुमचा प्रश्न मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसावं म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहता. सासूबाई सत्तरीच्या, न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात होत्या, आता घरी आल्यात. वजन ४८ वरून ४२ किलोवर आलंय. कवळी सैल झाल्याने भाकर चावत नाही, बीपीची गोळी चालू आहे. पुण्याच्या दिरांनी सुपाचे दोन डझन टिन पाठवलेत, परदेशातले, टोमॅटो, मशरूम आणि चिकनचे. ते म्हणतात रोज दोन द्या, ताकद येईल. शेजारच्या काकू म्हणतात टिनात केमिकल असतं, म्हाताऱ्या माणसाला विष आहे ते. तुम्ही सकाळी आठला कापूस वेचायला निघता, पाचला येता. फ्रिज आहे, पण लाइटचा भरवसा नाही. आणि विचारता, टिनातलं सूप चांगलं की घरचं?

मला यातला खरा प्रश्न वेगळा दिसतो. आठ ते पाच या नऊ तासांत, चावता न येणाऱ्या आणि सहा किलोंनी खंगलेल्या माणसाच्या पोटात किती डाळ, किती दूध, किती तेल-तूप जाणार? आणि त्यासोबत किती मीठ जाणार? सूप कुठून आलं हा त्याच्या नंतरचा मुद्दा. मी २१ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, त्यातली बरीचशी वर्धा आणि यवतमाळकडच्या दवाखान्यांच्या स्वयंपाकघरांत गेली. टिनातलं सूप पिऊन आजारी पडलेला पेशंट माझ्यासमोर कधी आला नाही. घरच्या पातळ 'सुपा'वर ठेवल्यामुळे आणखी खंगलेले मात्र नेहमी येतात. तरीही मी तुम्हाला घरचंच करा म्हणणार आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते समजून घ्या.

आर्वीकडचे एक आजोबा होते. टायफॉइडनंतर तीन आठवडे घरी आणि मग पुन्हा आमच्याकडे, अगदी हाडं दिसायला लागलेली. लेक फार जीव लावणारी. दिवसातून तीनदा मुगाच्या डाळीचं पाणी स्टीलच्या डब्यात घेऊन यायची, वर झाकण, झाकणावर रुमाल बांधलेला. मी विचारलं, डाळ कुठे गेली? म्हणाली, ती आम्ही घरी खाल्ली, बाबांना जड पडते ना. मग तिला आमच्या स्वयंपाकघरात नेलं, दोन मुठी डाळ कुकरला लावली आणि तिच्यासमोर गाळली. गाळणीत दाट पिवळा गोळा राहिला, खाली गंजात, म्हणजे पातेल्यात, पिवळसर पाणी. आजोबा आधीपासून तेच सांगत होते, "पोटाले आधार नाही वं बाई या पान्याचा." त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून डाळ रवीने घोटून, न गाळता, वर चमचाभर तूप घालून द्यायला लागलो. आजोबांना ती काही जड पडली नाही.

डाळीच्या पाण्यात डाळीची 'ताकद' उतरते हा आपल्याकडचा फार जुना समज आहे. थोडं उतरतं, ते खोटं नाही. मीठ, काही क्षार, पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वं उतरतात. पण प्रोटीन आणि पिठूळ भाग बहुतेक गाळणीतच राहतो. मुगाच्या १०० ग्रॅम डाळीत साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. सासूबाईंसाठी ४० ग्रॅम डाळ शिजवलीत, म्हणजे भरगच्च एक मूठ, आणि ती सगळी घोटून त्यांच्या पोटात गेली, तर ९ ते १० ग्रॅम मिळालं. गाळलीत, तर त्यातलं किती पोटात गेलं ते गाळणीकडे बघूनच कळेल.

त्यांना लागतं किती? धडधाकट माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन, असं आयसीएमआर-एनआयएन या आपल्या देशाच्या पोषण संस्थेने २०२० साली सांगितलंय. आजारातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही त्याहून जास्त धरतो, किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास, किडनी ठीक असेल तरच. ४२ किलोला हे झालं दिवसाचं ५० ग्रॅम. आता टिन बघा. टोमॅटो सुपाच्या एका वाटीत साधारण २ ग्रॅम प्रोटीन मिळतं. चिकन लिहिलेल्या पातळ सुपातही सहसा तीन-चारच्या वर जात नाही. म्हणजे दिवसाला दोन टिन रिचवूनही ५० ग्रॅमच्या जवळपास पोचणं होत नाही, आणि सुपाने पोट भरल्यासारखं वाटून त्या दुपारचं दूध-भात मात्र नाही म्हणतात. दिरांना हे सांगताना त्यांचं प्रेम कमी लेखू नका. त्यांना लांबून जे करता आलं ते त्यांनी केलं.

आता काकूंचं केमिकल. टिन दोन-दोन वर्षं टिकतो तो कुठल्या औषधाने नव्हे, उष्णतेने आणि हवाबंद झाकणाने. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या मिठाई बनवणाऱ्या माणसाने काचेच्या बरण्यांत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून हे शोधलं आणि १८१० साली ते छापून सर्वांना सांगितलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टिनाच्या डब्याचं पेटंट निघालं. असं केल्यावर अन्न का टिकतं, हे तेव्हा आपेरलाही सांगता आलं नव्हतं. ते पुढे पन्नासेक वर्षांनी लुई पाश्चर या शास्त्रज्ञाच्या जंतूंवरच्या कामातून कळलं. आज कारखान्यात टिन बंद करून मोठ्या कुकरमध्ये साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात, कारण बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार करणाऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची निपचित पडलेली चिवट रूपं, नुसत्या उकळीने मरत नाहीत. म्हणून एक विनंती. टिकतंय ना, मग आपणही घरचं सूप बरणीत भरून ठेवू, असं करू नका. लोणच्याला मीठ आणि आंबटपणा सांभाळतो. डाळीच्या सुपात तसं काहीच नसतं, आणि घरच्या कुकरवर ही शाश्वती देता येत नाही.

काही टिनांत चव वाढवणारे, घट्टपणा आणणारे पदार्थ घातलेले असतात, ते वेष्टनावर लिहिलेले असतात. त्यात अजिनोमोटो असला तरी नेहमीच्या प्रमाणात ते विष नाही. मला त्याची काळजी वाटते ती त्यातही सोडियम, म्हणजे मिठातलाच घटक, असतं म्हणून. कारण माझ्या दृष्टीने तुमच्या सासूबाईंसाठी टिनातली एकच गोष्ट खरोखर नडते, ती म्हणजे मीठ.

हा हिशोब एकदा स्वतः करून बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट एक चमचाही नाही, आणि त्यात सकाळच्या चटणीपासून रात्रीच्या भाजीपर्यंत सगळं आलं. टिनाच्या मागे तक्ता असतो. अमेरिकेचा माल असेल तर त्यात 'सोडियम' मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, मिठाचा आकडा मिळेल. समजा एका वाटीला ७०० मिलिग्रॅम लिहिलंय. ७०० गुणिले अडीच म्हणजे १७५० मिलिग्रॅम, पावणेदोन ग्रॅम मीठ. पण तो आकडा एका वाटीचा आहे आणि टिनात दोन वाट्या आहेत. म्हणजे एक टिन साडेतीन ग्रॅम, आणि दिरांच्या सांगण्याप्रमाणे दोन टिन म्हणजे सात ग्रॅम. दिवसभराची मर्यादा जेवणाआधीच ओलांडली. युरोप किंवा इंग्लंडचा माल असेल तर 'सॉल्ट' असा सरळ मिठाचाच आकडा ग्रॅममध्ये असतो, तिथे गुणाकार करायचा नाही. पण तो बहुधा दर १०० ग्रॅमचा असतो, म्हणून अख्ख्या टिनाचं वजन बघून हिशोब करावा लागतो. नातीला सोबत घेऊन बसा, सातवीची पोर हे दहा मिनिटांत करेल.

आणखी एक बघायला सांगते, कारण त्यात चुका होतात. काही टिनांवर 'कन्डेन्स्ड' असा शब्द असतो. ते आटवलेलं सूप असतं, १८९७ सालापासून अमेरिकेत अशी सुपं निघतात, टिन लहान आणि स्वस्त पडावा म्हणून. त्यात टिनाएवढंच पाणी घालून मग गरम करायचं असतं. आपल्याकडे टिन उघडला, घट्ट दिसला, छान म्हणून तसाच वाटीत ओतला, तर मीठ दुप्पट. वर्धेला एका घरी असं झालं होतं. आजींचे पाय सुजले, बीपी चढलं, आणि घरच्यांना वाटत होतं की आपण त्यांना उत्तम काहीतरी देतोय.

आठवडी बाजारात मिळणाऱ्या पाकिटातल्या सुपाविषयी तुम्ही विचारलं नाही, पण उद्या टिन संपले की तेच येईल म्हणून लगेच सांगते. पाकिटाच्या मागे घटकांची यादी असते, त्यात वजनाने सर्वांत जास्त असेल ते नाव पहिलं लिहावं लागतं. सुरुवातीलाच मक्याचं स्टार्च किंवा मैदा, साखर, मीठ दिसलं आणि भाज्या शेवटाकडे दिसल्या, तर ते सूप काय आहे हे त्या यादीनेच सांगितलं. एखाद्या पावसाळी संध्याकाळी पोरांनी प्यायला हरकत नाही. आजारी माणसाचं जेवण म्हणून नको.

मग टिन हरला का? एका बाबतीत तो घरच्या सुपाला मागे टाकतो, आणि ते तुमच्या घराला थेट लागू आहे. न उघडलेला टिन दुपारी एक वाजताही सकाळी आठ वाजता होता तसाच असतो. तुम्ही सात वाजता केलेलं सूप गंजात झाकून ठेवलं, तर एक वाजेपर्यंत ते कोमट होऊन सहा तास पडलेलं असतं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू भराभर वाढतात. डाळ, भात, मटणाचा रस्सा, सगळे त्यांच्या आवडीचे. साधारण दोन तासांची मर्यादा धरतात, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर तासाभराची. आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. आता वेचणीच्या दिवसांत थंडी असते म्हणून निर्धास्त राहू नका, दुपारी ऊन चांगलं तापतं आणि चुलीजवळचं घर उबदारच राहतं. वास यायला लागतो तो फार उशिरा, त्याच्या आधीच जंतू पुरेसे झालेले असतात. नुकताच न्यूमोनिया होऊन गेलेल्या माणसाला जुलाब लागणं म्हणजे कमावलेलं सगळं दोन दिवसांत घालवणं.

यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी बऱ्याच घरांत करून घेतलेत.

पहिला थर्मास. अर्धा लिटरचा, आतून स्टीलचा, चांगल्या झाकणाचा. सकाळी आधी त्यात उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, मग ते ओतून टाकून खळखळ उकळतं सूप काठोकाठ भरायचं. कोमट सूप भरलं तर थर्मास जंतूंना ऊब देतो, म्हणून उकळीत हयगय नको. घट्ट सूप पातळापेक्षा जास्त वेळ गरम राहतं. तुमचा थर्मास किती वेळ टिकवतो हे एका सुट्टीच्या दिवशी तपासा. आठला भरा, बाराला उघडा. चटका बसण्याइतकं गरम असेल, फुंकून प्यावं लागत असेल, तर ठीक. नुसतंच कोमट लागलं तर तो थर्मास या कामाचा नाही. आणि बाराला उघडला की जे काय प्यायचं ते तेव्हाच, उरलेलं चारसाठी ठेवायचं नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. घरचं पाकीट. मुगाची डाळ दोन वाट्या आणि तांदूळ एक वाटी, वेगवेगळे मंद आचेवर खमंग भाजायचे, डाळ तांबूस होईपर्यंत. सोबत दोन चमचे जिरं आणि दहा-बारा मिरे भाजून घाला. पूर्ण थंड झाल्यावर चक्कीवर जरा बारीक दळून आणा. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरलेला असेल तर मूठभर मिसळा, त्यात कॅल्शियम आणि लोह चांगलं असतं. मीठ अजिबात घालू नका. कोरड्या डब्यात हे महिनाभर राहतं. लागेल तेव्हा तीन मोठे चमचे पीठ थंड पाण्यात कालवायचं, दीड ग्लास पाणी होईल असं, आणि ढवळत सहा-सात मिनिटं उकळायचं. साधारण ३० ग्रॅम पिठातून साडेपाच ग्रॅम प्रोटीन मिळतं, अर्धं पाणी आणि अर्धं दूध घेतलं तर आणखी चार-पाच ग्रॅम. इथे मला तुमच्या काकू आठवतात. टिनाची त्यांना एवढी काळजी वाटते, म्हणजे सासूबाईंविषयी माया आहे. दुपारी दोन वाजता येऊन सात मिनिटं गॅसजवळ उभं राहायला त्यांना सांगून बघा. बहुतेक हो म्हणतील, आणि सासूबाईंना दोन घटका सोबतही होईल. एकट्याने जेवण जात नाही, हे प्रत्येक वॉर्डात दिसतं.

सकाळच्या ताज्या सुपासाठी आत्ताच्या दिवसांत ओल्या तुरीचे सोले आहेत तोवर तेच वापरा. वाटीभर सोले, कोहळ्याची, म्हणजे लाल भोपळ्याची, एक फोड, दोन पाकळ्या लसूण, कुकरला चार शिट्ट्या. घोटा किंवा मिक्सरमधून काढा, सालं घशाला टोचत असतील तर मोठ्या भोकाच्या चाळणीतून दाबून घ्या. दाबून म्हणजे गर खाली उतरला पाहिजे, वर फक्त सालं राहिली पाहिजेत. वरून जिऱ्याची फोडणी, तेल दोन चमचे, कंजुषी न करता. आजारपणात तेल-तूप बंद करायची आपल्याकडे घाई असते, पण वजन वाढवायचंय तर चमचाभर तेलाची ताकद तेवढ्याच डाळीच्या दुपटीहून जास्त असते. सोले संपले की मुगाची किंवा मसुराची डाळ. टमाटर घालायचे असतील तर तेलात शिजवा, त्यातलं लाल द्रव्य, लायकोपीन, शिजवल्याने आणि तेलासोबत शरीराला जास्त मिळतं. त्या बाबतीत टिनातलं टोमॅटो सूप काही कमी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. लिंबू मात्र वाटीत, पिताना. सी जीवनसत्त्व उकळीत टिकत नाही.

मिठाचं माप हाताने नको, चमच्याने. चार वाट्या सुपाला चहाच्या चमच्याचा सपाट पाव चमचा. एका वाटीत ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं मीठ आलं. अळणी लागेल, पहिले चार-पाच दिवस कुरकुर होईल. सांबार (कोथिंबीर), लिंबू, मिरपूड, भाजलेलं जिरं, फोडणीतला लसूण यांनी चव भरून काढा. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं.

घरात मांसाहार चालत असेल तर एक गोष्ट. पायाचं सूप, हाडांचा रस्सा यावर गावाकडे फार भरवसा असतो. त्यात हाडा-कातड्यातलं जिलेटिन उतरतं, म्हणून ते थंड झाल्यावर थिजतं. पण ते अपुरं प्रोटीन आहे, शरीराला लागणारा ट्रिप्टोफॅन नावाचा प्रोटीनचा एक घटक त्यात नसतो. गावरान कोंबडी शिजवली तर रस्सा सासूबाईंना आणि फोडी बाकीच्यांना, असं करू नका. फोडी मऊ शिजवून, हाडं नीट काढून, मिक्सरमधून फिरवून त्याच रश्शात घाला. अंडं त्याहून सोपं. उकळत्या सुपात फेटलेलं अंडं धारेने सोडून दोन मिनिटं शिजू दिलं की ६ ग्रॅम प्रोटीन आलं, आणि चावायचं काही नाही.

आता दोन डझन टिनांचं काय? फेकायचे अजिबात नाहीत. प्रत्येकावरची तारीख बघा. फुगलेला, शिवणीवर चेपलेला, गंजून ओघळलेला टिन असेल तर तो न उघडता, न चाखता पुरून टाका. बाकीचे घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवा. छप्पर टिनाचं असेल तर माळ्यावर नको. उष्णता आवडणारे काही जंतूंचे बीजाणू कारखान्यातल्या तापमानातूनही वाचतात. एरवी ते निपचित असतात, पण ४० अंशांच्या वरच्या उकाड्यात डबा बराच काळ राहिला की जागे होतात आणि डबा न फुगताच आतलं सूप आंबतं. म्हणून फाल्गुन-चैत्राच्या आत संपवा. बंद टिन चुलीवर किंवा उकळत्या पाण्यात गरम करू नका, फुटून भाजतं. उघडला की सगळं स्टीलच्या भांड्यात काढा, टिनात ठेवू नका.

आणि देताना मी जे करते ते करा. सासूबाईंसाठी अर्धा टिन घ्या. कन्डेन्स्ड असेल तर पाव. त्यात घोटलेली, बिनमिठाची मुगाची डाळ दीड वाटी मिसळा आणि नीट उकळा. टिनातलं मीठ डाळीत पसरतं, चव पोचते, आणि वाटीत प्रोटीन येतं. आठवड्यातून दोनदा पुरे, तेही त्या दिवशी बाकीच्या जेवणात लोणचं-पापड नसेल तर. उरलेला अर्धा टिन घरातल्या धडधाकट माणसांनी त्याच वेळी संपवावा. मशरूमचं सूप मलईचं असतं, सासूबाईंना ते नाही आवडलं तर आग्रह करू नका. आमच्या एका आजींनी एक चमचा घेऊन वाटी बाजूला सारली होती, "हे तं ओल्या मातीवानी लागते." अनोळखी चवीशी झगडायला आजारी माणसाकडे जोर नसतो.

दिवस असा बसवा. तुम्ही निघण्याआधी दूध आणि त्यात कुस्करलेलं काहीतरी, गूळ-पोळी किंवा ज्वारीच्या कण्या. बाराला थर्मासमधलं घट्ट सूप, त्यातच मऊ भात आणि भरपूर वरण घोटून सकाळी उकळतं भरलेलं, बाराच्या बैठकीतच संपणारं. दोनला काकूंच्या हातचं पिठाचं सूप. साडेचारला नात आली की केळं किंवा दूध. रात्री तुमच्यासोबत जेवण. यात सूप दोनदाच आहे, ते जेवणाला जोडलेलं आहे, जेवणाची जागा घेणारं नाही.

काही गोष्टींवर हे सगळं बदलतं. साखर असेल तर कोहळं, भात, केळं, गूळ यांचं माप वेगळं धरावं लागेल. किडनीचा त्रास असेल तर डाळ, टमाटर, कोहळं, शेवग्याचा पाला सगळ्यावरच मर्यादा येते, आणि मी वर सांगितलेलं प्रोटीनचं माप तेव्हा लागू होत नाही.

सर्वांत महत्त्वाचं मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण त्याचं उत्तर मला तुमच्याकडूनच हवंय. सासूबाईंना पाणी किंवा चहा पिताना ठसका लागतो का? घोट घेतल्यावर आवाज घोगरा, ओला होतो का? म्हातारपणी गिळणं बिघडलं की पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो, आणि न्यूमोनिया होण्याचं, पुन्हा पुन्हा होण्याचं ते एक मोठं कारण असतं. तसं असेल तर टिनातलं काय आणि घरचं काय, पातळ सूप आजच थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. ठसका नसला तरी ताठ बसवूनच पाजा, लहान घोट, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. तुम्ही नसताना त्या खाटेवर रेलून पीत असतील, तर काकूंना हे नक्की सांगून ठेवा.

दवाखान्यातून सुट्टी देताना मिळालेला कागद काढा. त्यावर क्रिएटिनीनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा असेल, तो आणि बीपीच्या गोळीचं नाव मला कळवा. आणि उपकेंद्रातल्या काट्यावर या आठवड्यात त्यांचं वजन करून तारखेसह लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर पुन्हा करा. ते दोन आकडे आले की डाळ वाढवायची की तेल, ते ठरवू.